कर्ता नसलेलं वाक्य

४ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्याला बिट्टीचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. परवा फोनवर तू नुसतीच "हां, हां" करत होतीस, तेव्हाच ओळखलं की माझं एक अक्षर तुझ्यापर्यंत पोचत नाहीये. सगळी नोकरी बसच्या इंजिनाशेजारी उभं राहून तिकिटं फाडण्यात गेली, कान शिल्लक राहिले असते तरच नवल. पण कानाचं यंत्र आपण कपाटात ठेवायला घेतलं नव्हतं. असो. पत्रात ओरडावं लागत नाही, हे एक बरं.

मी ठीक आहे. जेवते, झोपते. खोली तीच, वसतिगृहाच्या मागच्या अंगाची. खिडकीतून हॉस्पिटलच्या लाँड्रीच्या चादरी दिसतात. वारा असला की सगळ्या एकदम फुगतात आणि पडतात.

तू लिहिलंस, शाळेत इंग्रजीत पहिली येणारी पोरगी या वयात पुन्हा इंग्रजीच्या वर्गाला कशी बसली. आत्या, शाळेतलं इंग्रजी वेगळं आणि शास्त्रीय लेखनाचं वेगळं. हा वर्ग ग्रंथालयाच्या तळघरात भरतो. शिकवणाऱ्या बाई निवृत्तीला आलेल्या, बारीक, सतत खोकल्याची गोळी चघळणाऱ्या. लाल शाई वापरत नाहीत, पेन्सिलच. पहिल्या दिवशी मी माझ्या काविळीच्या संशोधनावर पानभर लिहून दिलं. सुरुवात केली होती, "मानव पृथ्वीवर आला तेव्हापासून आजार त्याच्या सोबतीला आहेत." बाईंनी ते शांतपणे खोडलं आणि म्हणाल्या, "इतक्या लांबून चालत यायची गरज नाही. बाळाला कावीळ झाली आहे ना? तिथून सुरू कर."

मग एकेक गोष्ट शिकवली. परिच्छेद म्हणजे काय, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. तुझ्या भाषेत सांगते. परिच्छेद म्हणजे एका मार्गाची एक बस. पहिलं वाक्य म्हणजे पुढची पाटी, कुठे चाललोय ते प्रवाशाला चढायच्या आधी कळलं पाहिजे. मधेच वाटलं म्हणून दुसऱ्या रस्त्याला वळायचं नाही. आणि जिथवर रस्ता आहे तिथवरच जायचं, म्हणजे जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच म्हणायचं, जास्त नाही. खात्री नसेल तर "असावं", "असं दिसतं" असे शब्द वापरायचे. दुसऱ्याचं म्हणणं असेल तर त्याचं नाव लावायचं. आणि "मी" म्हणायचं नाही. मी मोजलं नाही, मोजण्यात आलं. मी पाहिलं नाही, आढळून आलं. सुरुवातीला फार विचित्र वाटलं. आपणच आपल्या कामातून उठून निघून गेल्यासारखं.

पण जमलं मला, आत्या. बाई सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत, त्यांनी माझ्या तिसऱ्या निबंधावर पेन्सिलीने एक बारीकशी बरोबरची खूण केली आणि ती खूण मी अजून जपून ठेवली आहे. माझे मार्गदर्शक, आमचे सरही खूश. वर्गाची फी त्यांनीच संस्थेकडून मंजूर करून घेतली होती. आता लॅबमध्ये कुणाचंही काही लिहायचं असलं की, "बिट्टीकडे द्या." हे घरचं नाव इथे कसं पोचलं कोण जाणे, पण सगळे तेच म्हणतात. सरांची पत्रं, अनुदानाचे अर्ज, ज्युनियर मुलींचे पेपर, सगळं माझ्या टेबलावर येऊन पडतं.

कार्डाचं काम चांगलं चाललंय. तुला मागे सांगितलं होतं ना, तान्ह्या बाळाच्या कातडीला लावून रंग जुळवायचा, कावीळ किती चढली ते कळतं, टाचेला सुई टोचून रक्त काढावं लागत नाही. त्याचा पेपरही छापून आला. तोही मीच लिहिला. त्याबद्दल नंतर कधीतरी.

माझा प्रबंध जवळजवळ झाल्यातच जमा आहे. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी बहुतेक येईन. डॉक्टर सांगतात ते व्यायाम कर, शेजारणीला सांगून मोकळी होऊ नकोस.

तुझी,
बिट्टी


२० एप्रिल

आत्या,

तुझं पत्र वाचून हसले आणि मग रडले. "इतक्या वर्षांत बिनतिकिटाचे प्रवासी चेहऱ्यावरून ओळखले, तू 'बहुतेक' लिहितेस तेव्हा येणार नसतेस हे मला कळत नाही होय?" असं तूच लिहू शकतेस. आणि ऑपरेशनला मी आले नाही याबद्दल पूर्ण पत्रात एक शब्द नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

प्रबंध जवळजवळ झाला नाही, पूर्ण झाला आहे. केव्हाचाच. सरांच्या टेबलावर डाव्या बाजूला पडून आहे, वर कधी चष्म्याचं घर असतं, कधी चहाचा कप. विचारलं की म्हणतात, "वाचतोय." त्यांची सही झाल्याशिवाय तो पुढे जात नाही. माझी शिष्यवृत्ती, ही खोली, हॉस्पिटलात जायचा पास, सगळं त्यांच्या सहीवर नव्याने मिळतं. रजाही. तुझ्या ऑपरेशनसाठी रजा मागितली तेव्हा म्हणाले, "जा की. फक्त अनुदानाच्या अर्जाची मुदत संपायच्या आत ये." मुदत त्याच आठवड्यात होती. नाही म्हणाले नाहीत, आत्या. ते कधीच नाही म्हणत नाहीत. मी तापाने पडले होते तेव्हा स्वतः औषधं घेऊन वसतिगृहाच्या दारात उभे राहिले होते. म्हणून तर कुणाला सांगायला गेलं तर ती तक्रार वाटतच नाही.

मला लिहिता येत नव्हतं तोवर मी इथली एक विद्यार्थिनी होते, केव्हातरी निघून जाणारी. लिहिता आलं तशी त्यांना माझी गरज लागू लागली. आता मला कोण सोडेल?

पण हे सगळं मी सहन करत होते. तुला सांगायचं होतं ते वेगळंच.

कार्ड वापरून बघताना वॉर्डात मी आणि तिथल्या सिस्टर अशा दोघी असायचो. सिस्टर बाळ धरायच्या, मी कार्ड लावायची, मग खात्रीसाठी रक्तही तपासायचं. गोऱ्या बाळांमध्ये कार्ड आणि रक्त बरोबर जुळायचं. काळ्यासावळ्या बाळांमध्ये जुळायचं नाही. कार्ड म्हणायचं, काही नाही, घरी न्या. रक्त म्हणायचं, ताबडतोब निळ्या दिव्याखाली ठेवा. एक मुलगी होती, डोक्यावर भरपूर जावळ, माझं बोट सोडायला तयार नव्हती. कार्डाने तिला ठणठणीत ठरवलं होतं. रक्ताचा आकडा आला तशा सिस्टर तिला घेऊन अक्षरशः धावल्या. ही कावीळ डोक्यात चढली तर मूल जन्माचं अधू होतं, आत्या. कान जातात, हातपाय वाकडे होतात.

मी सरांना सांगितलं. त्यांनी सगळे आकडे शांतपणे पाहिले.

"त्या नोंदी घेतल्या तेव्हा वॉर्डात उजेड कसा होता?" त्यांनी विचारलं.

"चांगला होता सर. कार्ड माझ्याच हातात होतं."

"चांगला म्हणजे किती? मोजला होतास?"

"नाही."

"मग चांगला होता असं तुला कशाच्या आधारावर म्हणता येईल?"

हे बाईंनीच शिकवलेलं. पुरावा नसेल तर दावा करायचा नाही. मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, सावळ्या बाळांसाठी वेगळं कार्ड आपण करणारच आहोत. पण हे निघालं तर पुढच्याला पैसा मिळेल. हे अडकलं तर कुणालाच काही नाही. मी या कार्डात किती वर्षं घातली आहेत, तुला माहीत आहे."

माहीत होतं. मी त्यांच्यासमोर बसूनच ते वाक्य लिहिलं: "अपुऱ्या प्रकाशामुळे काही नोंदी वगळण्यात आल्या." इंग्रजीत ते आणखी छोटं आणि गुळगुळीत होतं. कोणी वगळल्या? वाक्यात कोणीच नाही. प्रकाश अपुरा होता हे कोणी पाहिलं? तेही कोणी नाही. आणि ती जावळवाली मुलगी, ती तर "काही नोंदी" झाली.

यावर कडी म्हणजे बाईंनी वर्गात उदाहरणं म्हणून आमचीच छापलेली पानं मागवली होती, त्यात त्यांनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं. म्हणाल्या, "बघा, एक शब्द जास्त नाही." सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

आता पेपर जिथे छापला त्या जर्नलकडे कुणीतरी शंका विचारली आहे. प्रकाश अपुरा होता हे कसं आणि केव्हा ठरवलं, ते सांगा. सर म्हणतात, उत्तर लिही, की मोजमापाआधीच सिस्टरांनी उजेडाची नोंद करून ठेवली होती. सिस्टरांनी अशी काही नोंद केलेली नाही. आणि कार्डं छापून आसपासच्या आरोग्य केंद्रांत गेली आहेत, वापरात आहेत.

मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. काल सरांनी दोनदा विचारलं. आवाज चढवला नाही. फक्त दुसऱ्यांदा विचारताना माझ्या प्रबंधावरचा कप उचलून बाजूला ठेवला, आणि पुन्हा त्याच जागी ठेवला.

गुडघा जपून वाकव.

बिट्टी


९ डिसेंबर

प्रिय आत्या,

मधल्या महिन्यांत तुझी दोन पत्रं आली. दुसऱ्यात तू एवढंच लिहिलंस, "जीव सांभाळ आणि खरं ते बोल, या दोन्हीतलं एकच जमत असेल तर घरी निघून ये." ते पत्र मी पर्समध्ये घालून फिरत होते. आता सगळं सांगते. शांतपणे वाच, आणि कुणाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगू नकोस. का, ते पुढे येईल.

मी ते उत्तर लिहिलं नाही. सरांनी ते एका ज्युनियर मुलीकडून लिहून घेतलं आणि पाठवायच्या आधी भाषा तपासायला माझ्याकडेच दिलं. सवयच ती. मी तो कागद घेतला आणि संस्थेच्या संचालकांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, आणि यावेळी प्रत्येक वाक्यात "मी" म्हटलं. मी कार्ड लावलं. मी पाहिलं. ते वाक्य मी लिहिलं.

तीन जणांची समिती बसली. सिस्टर आधीच म्हणाल्या होत्या, "मी आपणहून जाणार नाही हं, माझी नोकरी आहे. पण विचारलं तर खोटं बोलणार नाही." त्यांना विचारलं गेलं. त्या आत गेल्या आणि "उजेड भरपूर होता" एवढं सांगून ड्युटीवर परत गेल्या. मला वाटलं, सुटले.

मग संचालकांनी मला एकटीला बोलावलं. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "तू म्हणालीस ते बरोबर निघालं. त्या बाळांच्या नोंदी पेपरच्या दुरुस्तीत जातील, सावळ्या बाळांना हे कार्ड चालत नाही असं स्पष्ट छापू."

"आणि सर?"

"तेच सांगतोय. सर म्हणतात, त्यांनी तुला त्या नोंदींवर पुन्हा काम करायला सांगितलं होतं. वगळा असं नव्हतं सांगितलं. तुझ्या लिहिण्यात तो अर्थ बदलला. इंग्रजी काही तुझी मातृभाषा नाही. अशा चुका होतात, कुणी तुला दोष देणार नाही."

मी म्हटलं, "ही इंग्रजीची चूक नाही."

ते म्हणाले, "हे बघ, लेखनातली चूक असेल तर दुरुस्ती लगेच छापता येते. फसवणूक म्हटलं की चौकशी, वकील, अपील. वर्षं जातात. तोवर पेपर आहे तसा राहतो."

"आणि केंद्रांतली कार्डं?"

"दुरुस्ती छापली की परत मागवू."

"दुरुस्ती कधी छापणार?"

"तू सही केलीस की."

आत्या, खोलीला दोन दारं असावीत आणि दोन्ही त्याच खोलीत उघडावीत, तसं झालं मला. टेबलावर कागद तयार होता. त्यात लिहिलं होतं की इंग्रजी शास्त्रीय लेखनाच्या अपुऱ्या ज्ञानामुळे माझ्या हातून चुकीचं विधान लिहिलं गेलं. सही केली तर प्रबंध पुढे जाणार होता. बाहेर कुणाशी याबद्दल बोलायचं नाही, असंही त्यात होतं. तू बाहेरची नाहीस, म्हणून तुला लिहिते आहे.

मी सांगितलं, आधी कार्डं परत मागवा, मग सही. त्यांनी माझ्याकडे थोडं आश्चर्याने पाहिलं आणि फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना घेऊन जवळच्या केंद्रात गेले, खरंच काढतात का ते बघायला. तिथल्या नर्सने खणातून कार्डांचा गठ्ठा काढून दिला आणि हळहळली. "चांगली होती हो. पोरांना टोचावं लागत नव्हतं. का नेताय?"

"सगळ्या बाळांना चालत नाहीत," सिस्टर म्हणाल्या.

"अगोबाई. पण आमच्याकडे तसं काही झालं नाही. एक सावळं बाळ आलं होतं, आईला वाटत होतं पिवळं दिसतंय. कार्डावर काहीच नव्हतं म्हणून घरी पाठवलं. पुन्हा काही आणलं नाही, म्हणजे बरंच असेल."

सिस्टरांनी माझा दंड धरला. आम्ही पत्ता मागितला. ते कुटुंब कामासाठी दुसरीकडे निघून गेलं होतं, घराला कुलूप होतं, शेजाऱ्यांना काही सांगता येईना. सिस्टर अजून शोधतात. मीही. काही कळलेलं नाही.

त्या घराच्या पायरीवरून परत येऊन मी सही केली. आणखी वाद घालण्यात एक दिवसही घालवायची माझी तयारी नव्हती. दुरुस्ती छापून आली. तिच्यात त्या सगळ्या बाळांचे आकडे आहेत, पूर्ण, जसे आले तसे. खाली एक ओळ आहे, मूळ विधान लेखिकेच्या भाषिक चुकीमुळे झालं होतं.

दुरुस्ती बाईंनीही वाचली. ग्रंथालयाच्या जिन्यात समोरासमोर आलो. त्या थांबल्या, तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. म्हणाल्या, "तुला मी असं शिकवलं नव्हतं." रागाने नाही म्हणाल्या. दमून म्हणाल्या. मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं, आणि माझी सही आठवली. मी म्हटलं, "नाही बाई." त्या हळूहळू कठडा धरून खाली गेल्या. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते एवढंच.

प्रबंधावर सरांची सही झाली. तोंडी परीक्षाही झाली. पदवी मिळाली, आत्या. सगळ्यांत आधी अभिनंदन सरांनीच केलं. आपल्या खोलीत बोलावून चहा दिला आणि म्हणाले, "झालं गेलं विसरून जाऊ. त्या दुरुस्तीनंतर तुला दुसरीकडे घ्यायला लोक कचरतील, ते स्वाभाविक आहे. पण मी तुला ओळखतो. इथेच राहा. लेखनाचं सगळं काम तूच बघ, पक्की नोकरी देतो." आणि गंमत अशी की ते मनापासून म्हणत होते. त्यांना खरोखर वाटत होतं की ते मला वाचवतायत.

मी चहा संपवला. नाही म्हटलं. त्यांना नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. त्यांना ते नीट ऐकू गेलं नसावं, कारण ते म्हणाले, "विचार कर, घाई नाही." मी पुन्हा म्हटलं.

दुसरं काम मिळालेलं नाही. दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे त्या दुरुस्तीपाशी येऊन गाडी थांबली. सर म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं. खोली महिनाअखेर सोडायची आहे. सामान फार नाही, पुस्तकं सिस्टरांकडे ठेवते. त्या बाळाचा पत्ता लागला तर त्या मला कळवणार आहेत. ती बातमी कशीही असली तरी मला हवी आहे, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. रात्री डोळा लागायच्या आधी मी रोज त्याला बरं करते, धावायला लावते, शाळेत घालते. सकाळी पुन्हा त्या घराला कुलूप असतं.

तुझ्याकडे येते आहे. माझ्यासाठी वेगळी खोली आवरू नकोस, तुझ्याजवळ गादी घालेन आणि तुझा गुडघा चोळून देईन. ते तरी नक्की जमेल. दारावर माझ्या नावापुढे डॉक्टर लावायचं तुझ्या डोक्यात असेल, तर ते काढून टाक.

आणि लोक विचारतील, इतकी वर्षं तिथे काय करत होती. त्यांना सांग, इंग्रजीत लिहायला शिकत होती, आणि शेवटपर्यंत काही तिला जमलं नाही.

त्यांना एवढंच सांग.

तुझीच,
बिट्टी